किंग्स्टनच्या रेडिओवर न्यूयॉर्कचे रॅप : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

गेल्या अंकात या सदरात कॅरिबियन बेटांवरील कॅलिप्सो (त्रिनिदादचे) आणि रेगे (जमैकाचे) या गायनप्रकारांची ओळख करून दिली होती. त्यावर आलेल्या बऱ्याच पत्रांत एकच विचारणा होती, ती म्हणजे एवढे समृद्ध संगीत असलेल्या या बेटांवरील रेडिओ आज हिपहॉप आणि रॅप एवढे का वाजवतो? म्हणून या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे.

प्रश्न : मी मालवाहू जहाजावर नोकरीला आहे. गेल्या दोन वर्षांत किंग्स्टन (जमैका), ब्रिजटाऊन (बार्बाडोस) आणि पोर्ट ऑफ स्पेन (त्रिनिदाद) या बंदरांत उतरण्याचा योग आला. टॅक्सीत रेडिओ चालू असायचा आणि त्यावर बहुतेक वेळा अमेरिकन रॅप लागलेले असायचे. रेगे किंवा कॅलिप्सो ऐकायला मिळेल या आशेने मी गेलो होतो. हा केवळ योगायोग, की तेथे खरोखरच असे आहे? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : तुम्ही ऐकले ते खरे आहे, मात्र ते कोणत्या केंद्रावर आणि वर्षाच्या कोणत्या महिन्यात ऐकले, यावर बरेच अवलंबून आहे. जमैकात ‘आयरी एफएम’ लावले असते तर दिवसभर रेगे आणि डान्सहॉल, म्हणजे रेगेतून निघालेले, तालावर बोलत गायचे नृत्यसंगीत ऐकू आले असते. ‘झिप १०३’सारख्या तरुणांच्या केंद्रावर डान्सहॉलच्या जोडीला अमेरिकन हिपहॉप ऐकू आले असते. त्रिनिदादमध्ये तर ऋतूप्रमाणे रेडिओचा रंग पालटतो. नाताळच्या आधीचे काही आठवडे तेथे परांग वाजते. शेजारच्या व्हेनेझुएलाशी असलेल्या नात्यातून आलेली ही स्पॅनिश वळणाची नाताळगाणी होत. नवे वर्ष उजाडले की कार्निव्हलपर्यंत सोकाचे, म्हणजे कॅलिप्सोतून निघालेल्या वेगवान नृत्यसंगीताचे राज्य असते. मग राखेचा बुधवार येतो, ख्रिस्ती उपवासकाळ सुरू होतो आणि सोका जवळपास एका रात्रीत मागे पडते. कार्निव्हल आणि त्याच्या पाठोपाठ येणारा उपवासकाळ ही जोडी गोव्यातील वाचकांना परिचयाची आहे. त्यानंतर वर्षाचे जे महिने उरतात ते रेडिओला कशाने तरी भरावे लागतात आणि ती जागा अमेरिकन रॅप, आर अँड बी (ऱ्हिदम अँड ब्लूज) आणि जमैकन डान्सहॉल घेतात. आपल्याला वर्षातून जेमतेम दोन महिने रेडिओ मिळतो, ही सोका गायकांची जुनी आणि रास्त तक्रार आहे. तुमचे जहाज जानेवारीत पोर्ट ऑफ स्पेनला लागले असते तर तुम्ही कदाचित अगदी उलट पत्र लिहिले असते.

आता कारणांकडे वळू. अमेरिकन संगीत तेथील रेडिओवर हिपहॉपबरोबर आले, असे समजू नये. जमैकात प्रसारणाची सुरुवात १९३९ मध्ये झाली, तीही एका हौशी रेडिओचालकाने महायुद्धाच्या प्रारंभी सरकारच्या स्वाधीन केलेल्या यंत्रसामग्रीवर. १९५० मध्ये ब्रिटिश रीडिफ्युजन समूहाचे ‘रेडिओ जमैका’ आले आणि १९५९ मध्ये सरकारी प्रसारण महामंडळ सुरू झाले. या केंद्रांची भाषा, रीतभात आणि आवड ब्रिटिश वळणाची होती. सामान्य किंग्स्टनकर मात्र रात्र पडली की आपल्या संचाची कळ फिरवून मायामी, न्यू ऑर्लिन्स आणि नॅशव्हिल येथील केंद्रे पकडत असे, कारण रात्री मध्यम लहरी समुद्र ओलांडून दूरवर पोहोचतात. त्या केंद्रांवरील कृष्णवर्णीय अमेरिकनांचे ऱ्हिदम अँड ब्लूज त्याला घरच्या केंद्रापेक्षा जवळचे वाटे. पुढे जमैकात स्का (रेगेच्या आधीचे नृत्यसंगीत) आणि रेगे जन्मले, देशोदेशी गाजले, तरी घरच्या रेडिओने त्यांना मानाचे पान दिले नाही. झोपडपट्टीतले संगीत आणि पॅटवा ही इंग्रजीतून घडलेली लोकबोली सुशिक्षितांच्या कानांना खटकत असे. केवळ रेगेला वाहिलेले पहिले केंद्र म्हणजे आयरी एफएम. ते ओचो रिओस येथे सुरू व्हायला १९९० साल उजाडावे लागले आणि तोपर्यंत रेगेचे जगप्रसिद्ध गायक बॉब मार्ली यांना जाऊन नऊ वर्षे झाली होती. हे येथे मुद्दाम नोंदवतो, कारण पूर्वी तेथे केवळ स्थानिक संगीत वाजत होते आणि रॅपने ते हुसकावून लावले, असे चित्र अनेक पत्रांत दिसते. ते वस्तुस्थितीला धरून नाही.

हिपहॉपने मात्र आधीच्या कोणत्याही अमेरिकन संगीतापेक्षा तेथे खोल मूळ धरले आणि त्याचे पहिले कारण माणसे आहेत. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन, क्वीन्स आणि ब्राँक्स या भागांत कोणी मावशी, भाऊ किंवा आई राहत नाही असे घर या बेटांवर शोधावे लागेल. ही माणसे मोठमोठ्या पिंपांत कपडे, बूट आणि खाण्याचे जिन्नस भरून बोटीने घरी पाठवतात. आजीकडे वाढणाऱ्या आणि आईबापांची पिंपे उघडून त्यांची माया अनुभवणाऱ्या मुलांना जमैकात ‘बॅरल चिल्ड्रन’ म्हणतात. त्या बुटांबरोबर आणि टोप्यांबरोबर रॅपच्या ध्वनिफितीही घरात आल्या. भाषा इंग्रजी असल्यामुळे शब्द थेट पोहोचले. १९९०च्या दशकात उपग्रह आणि केबल दूरचित्रवाणीने कृष्णवर्णीय अमेरिकनांची ‘बीईटी’ ही वाहिनी घराघरांत नेली, तेव्हा कानांनी ओळखीच्या झालेल्या गायकांचे चेहरेही दिसू लागले.

दुसरे कारण व्यवहाराचे आहे. त्याच दशकात खासगी परवाने सढळपणे दिले गेले. त्रिनिदादची लोकसंख्या सुमारे १४ लाख, पण तेथे आज तीसहून अधिक एफएम केंद्रे आहेत. बार्बाडोसची वस्ती तर तीन लाखांच्याही आत आहे. एवढ्या लहान बाजारपेठेत चोवीस तास नवे स्थानिक ध्वनिमुद्रण पुरवणे अवघड असते. उलट अमेरिकन गाणे तयार, घासूनपुसून, प्रसिद्धीसकट दारात येते आणि जाहिरातदारालाही ते ओळखीचे असते.

मात्र ब्रिजटाऊनचा टॅक्सीचालक ज्याला अमेरिकन रॅप म्हणून सोडून देत नाही, त्यात त्याच्या स्वतःच्या माणसांचा वाटा किती आहे हे पाहिले पाहिजे. नामवंत हिपहॉप कलावंतच पाहा : ग्रँडमास्टर फ्लॅश यांचा जन्म ब्रिजटाऊनचा, डग ई. फ्रेश यांचाही जन्म बार्बाडोसचा. नोटोरियस बी.आय.जी. यांच्या आई जमैकाच्या. बस्टा ऱ्हाइम्स यांचे आईवडील जमैकाचे. निकी मिनाज या पोर्ट ऑफ स्पेनमध्ये १९८२ साली जन्मल्या. आपल्या गल्लीतून गेलेल्या माणसाच्या मुलाचे गाणे रेडिओवर लागले, तर ऐकणारा त्याला परके म्हणत नाही.

प्रश्न : रॅपचा जन्म जमैकात झाला आणि तेथून ते अमेरिकेत गेले, असे मी एका व्याख्यानात ऐकले. माझ्या मित्राचे म्हणणे याच्या अगदी उलट आहे. खरे काय? (एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

उत्तर : तुम्ही आणि तुमचे मित्र दोघेही अर्धे बरोबर आहात, आणि या प्रश्नात रेडिओची भूमिका अनेकांच्या नजरेतून सुटते, म्हणून सविस्तर लिहितो.

१९५०च्या दशकात किंग्स्टनमध्ये साउंड सिस्टिम सुरू झाल्या. ध्वनिवर्धकांच्या कपाटाएवढ्या भिंती, जोरकस ॲम्प्लिफायर आणि तबकड्या घेऊन मोकळ्या अंगणात नाचाचा कार्यक्रम करायचा, असा तो व्यवसाय होता. ड्यूक रीड आणि कॉक्सन डॉड हे त्यातले नामांकित चालक. तबकडी लावणाऱ्याला तेथे ‘सिलेक्टर’ म्हणतात आणि तबकडी सुरू असताना ध्वनिक्षेपकावर यमकांत बोलणाऱ्याला ‘डीजे’. आपल्याकडील अर्थापेक्षा हा अर्थ वेगळा आहे, तो ध्यानात ठेवावा. या बोलण्याला ‘टोस्टिंग’ असे नाव पडले आणि त्याचे आद्य कलावंत म्हणून काउंट मचुकी यांचे नाव घेतले जाते. पण मचुकी यांना ही ढब कोठून मिळाली? अमेरिकेतील कृष्णवर्णीय रेडिओ निवेदकांकडून. जॉको हेंडरसन यांच्यासारखे निवेदक गाणे लावता लावता लयीत, यमक जुळवत, स्वतःची स्तुती करत बोलत असत, आणि समुद्रापलीकडून ऐकू येणारे ते बोलणे किंग्स्टनच्या डीजेंनी पॅटवा बोलीत आणले. म्हणजे उगमाकडे जाताना पहिला मुक्काम रेडिओचाच आहे.

ही कला अंगणांतून निघून जमैकाच्या रेडिओवर पोहोचली ती १९७० मध्ये. ड्यूक रीड यांच्या जुन्या ध्वनिमुद्रणांवर डीजे यू-रॉय यांनी आपले बोल चढवले आणि त्यांच्या तीन तबकड्या एकाच वेळी रेडिओच्या लोकप्रियता यादीत पहिल्या तीन जागांवर बसल्या. गायकाच्या सुरांइतकेच महत्त्व बोलणाऱ्याच्या शब्दांना आहे, हे रेडिओने प्रथमच मान्य केले, म्हणून मला ही घटना फार मोलाची वाटते.

दरम्यान १९५५ मध्ये किंग्स्टनमध्ये जन्मलेला क्लाइव्ह कॅम्पबेल हा मुलगा १९६७ साली ब्राँक्सला गेला. त्याने साउंड सिस्टिमची धाटणी आपल्याबरोबर नेली. ११ ऑगस्ट १९७३ रोजी १५२० सेजविक अव्हेन्यू या इमारतीच्या सामायिक करमणूक कक्षात त्याच्या बहिणीने शाळेच्या कपड्यांसाठी पैसे जमवावेत म्हणून नाचाचा कार्यक्रम ठेवला. तबकड्या लावायला हा होता आणि जगाने पुढे त्याला डीजे कूल हर्क या नावाने ओळखले. हिपहॉपचा वाढदिवस म्हणून हीच तारीख मानली जाते. मात्र हर्क यांनी रेगे लावून पाहिले तेव्हा ब्राँक्सची मुले नाचेनात. म्हणून ते फंक या कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या ठेकेबाज नृत्यसंगीताकडे वळले आणि गाण्यातला केवळ तालवाद्यांचा तुकडा दोन तबकड्यांवर आलटून पालटून लांबवू लागले. जमैकन टोस्टिंगशी रॅपचे नाते त्यांनी स्वतः एका मुलाखतीत नाकारले आहे आणि श्रेय जेम्स ब्राऊन यांच्यासारख्या अमेरिकनांना दिले आहे. त्यांच्या शब्दाला मान देऊनही मला वाटते की, शब्द आणि ताल ब्राँक्सचे असले तरी मोठ्या ध्वनिवर्धकांभोवती वस्ती गोळा करून तबकडीवर बोलण्याची मांडणी किंग्स्टनची आहे.

१९७९ मध्ये शुगरहिल गँग या रॅप गटाच्या तबकडीने रॅप अमेरिकन रेडिओवर आणले आणि तेथून ते कॅरिबियन रेडिओवर आले. अमेरिकन निवेदकाचे बोलणे किंग्स्टनला, किंग्स्टनची मांडणी ब्राँक्सला आणि ब्राँक्सचे रॅप पुन्हा किंग्स्टनला असा हा फेरा आहे आणि तो अजून थांबलेला नाही. १९९३ मध्ये डान्सहॉलचे सुपर कॅट यांच्या गाण्याच्या नव्या आवृत्तीत तेव्हा फारसे कोणाला ठाऊक नसलेले नोटोरियस बी.आय.जी. ऐकू आले, न्यूयॉर्कच्या ‘हॉट ९७’ या हिपहॉप केंद्राने डान्सहॉलला आपल्या वेळापत्रकात नियमित जागा दिली, २०१० मध्ये जमैकाचे डेमियन मार्ली आणि न्यूयॉर्कचे रॅपर नॅस यांनी मिळून एक अख्खा संग्रह केला. कोणी कोणाला काय दिले, याचा हिशेब जमा-खर्चाच्या दोन रकान्यांत मांडता येईल, असे मला वाटत नाही.

प्रश्न : मी निवृत्त संगीतशिक्षक आहे. इतिहास काहीही असो, आज कॅलिप्सो गाणारा माणूस घरी बसतो आणि रेडिओ परक्याचे वाजवतो, हे अन्यायाचेच नव्हे काय? स्थानिक संगीतासाठी कायद्याने वेळ राखून ठेवता येणार नाही का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : तुमची तळमळ मी समजू शकतो आणि त्रिनिदादमधील अनेक कलावंत अगदी याच शब्दांत बोलतात. प्रसारणाचा निम्मा वेळ स्थानिक संगीताला मिळावा, ही मागणी तेथे वर्षानुवर्षे होत आली आहे. कॅनडात १९७१ पासून असा राखीव वाटा आहे, तेव्हा ही कल्पना अव्यवहार्य म्हणता येणार नाही.

अन्यायाचा भाग मुख्यतः पैशाचा आहे, म्हणून तो आधी सांगतो. रेडिओवर गाणे वाजले की केंद्राला गीतकार-संगीतकारांच्या संस्थेकडे मानधन भरावे लागते. त्रिनिदादमध्ये ते काम ‘कॉट’ ही संस्था करते आणि जमैकात ‘जॅकॅप’. वाजलेले गाणे परदेशी असेल तर परस्पर करारांनुसार ती रक्कम परदेशी संस्थेकडे जाते. म्हणजे पोर्ट ऑफ स्पेनच्या दुकानदाराने दिलेल्या जाहिरातीच्या पैशातला एक भाग, न्यूयॉर्कचे गाणे वाजल्यामुळे, देशाबाहेर जातो आणि स्थानिक संगीतकाराकडे पुढचे गाणे ध्वनिमुद्रित करायला भांडवल उरत नाही. मग केंद्रचालक म्हणतो की, स्थानिक गाण्यांचा दर्जा कमी पडतो. याखेरीज गाणे वाजवण्यासाठी निवेदकांना हातखालून पैसे देण्याची ‘पेओला’ नावाची कीड आहे. तो गुन्हा ठरवावा, असा आग्रह जमैकाच्या प्रसारण आयोगाने धरला होता. ज्या तरुण गायकाच्या खिशात काहीच नाही, त्याच्यावर या दोन्ही गोष्टींचा भार पडतो, आणि माझ्या मते रॅपच्या आवडीपेक्षा हे दुखणे कितीतरी गंभीर आहे.

तरीही केवळ टक्का ठरवून देण्याच्या बाबतीत मी साशंक आहे. १९५२ मध्ये माहिती व नभोवाणी खाते बा. वि. केसकर यांच्याकडे आले आणि आकाशवाणीवर चित्रपटगीतांना आवर बसला, हे तुमच्या पिढीला आठवत असेल. हेतू शास्त्रीय संगीत वाढावे असा होता. घडले असे की, श्रोत्यांनी कळ फिरवून रेडिओ सिलोन लावले आणि १९५७ मध्ये आकाशवाणीला विविध भारती सुरू करावी लागली. कॅरिबियन श्रोत्याच्या हाती तर आज अख्खे इंटरनेट आहे. शिवाय राखीव वेळ मध्यरात्री दोन वाजता भरून काढता येतो. तेव्हा टक्का ठरवायचाच असेल तर तो सकाळी कामावर जाण्याच्या आणि संध्याकाळी परतण्याच्या वेळेत ठरवला पाहिजे, आणि त्याला ध्वनिमुद्रणाच्या अर्थसाहाय्याची जोड दिली पाहिजे.

आणखी एक विनंती. ‘परके’ हा शब्द वापरताना रॅप्सो या प्रकाराची आठवण ठेवावी. १९७०च्या सुमारास, ब्राँक्समधील त्या कार्यक्रमाच्याही आधी, त्रिनिदादचे लान्सलॉट लेन ढोलकांच्या तालावर बोलत बोलत राजकीय आशयाची पदे म्हणत होते. पुढे ब्रदर रेझिस्टन्स यांनी २०२१ मध्ये झालेल्या निधनापर्यंत ती परंपरा जोपासली. कार्निव्हलच्या तंबूत समोरच्यावर आयत्या वेळी पद रचून मात करण्याची ‘एक्स्टेंपो’ स्पर्धा तर त्याहूनही जुनी आहे. आपल्याकडील कलगी-तुऱ्याच्या सवाल-जबाबाची ज्याला गोडी आहे, त्याला ती ऐकताच उमगेल. लयीत बोलणे हे त्या मातीत पूर्वीपासूनच होते. ३१ मार्च २०१६ रोजी वानखेडे मैदानावर भारताला हरवल्यानंतर वेस्ट इंडीजचे खेळाडू ड्वेन ब्राव्हो यांच्या ज्या गाण्यावर नाचले, तेही असेच तालावर बोलत जाणारे त्रिनिदादी गाणे आहे. आजच्या त्रिनिदादी मुलांनी अमेरिकन ट्रॅप (रॅपचा एक उपप्रकार) आणि जमैकन डान्सहॉल यांतून ‘ट्रिनिबॅड’ नावाचा आपला प्रकार काढला आहे. त्याच्या आशयाबद्दल वाद आहेत, पण त्याची बोली, त्याच्या वस्त्या आणि त्याचे दुःख त्रिनिदादचेच आहे. रेडिओने ज्यांना जागा दिली पाहिजे असे स्थानिक कलावंत मोजताना मी कॅलिप्सो गायकाच्या शेजारी या मुलांनाही बसवीन.

प्रश्न : बंदुका, अमली पदार्थ आणि अश्लीलता असलेली गाणी लहान मुलांच्या कानांवर पडू नयेत म्हणून तेथील सरकारे काही करतात का? (एक पालक, पुणे)

उत्तर : जमैकाने यात सर्वांत ठळक पावले टाकली आहेत. तेथील प्रसारण आयोगाने फेब्रुवारी २००९ मध्ये ‘डॅगरिंग’ या कामुक नृत्यप्रकाराला उत्तेजन देणारी गाणी रेडिओ, दूरचित्रवाणी आणि केबलवरून हटवली. आक्षेपार्ह शब्दावर ‘बीप’ टाकून गाणे वाजवण्याची पळवाटही बंद केली. त्या वेळी असा आक्षेप घेण्यात आला की, स्वदेशी डान्सहॉलला जो नियम, तोच अमेरिकन हिपहॉपला आणि त्रिनिदादी सोकालाही लागू हवा. हा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे, कारण गरीब वस्तीतल्या पॅटवा गाण्यावर बोट ठेवणे सोपे असते आणि न्यूयॉर्कहून आलेल्या झुळझुळीत गाण्यातली तीच गोष्ट कानाआड केली जाते.

ऑक्टोबर २०२२ मध्ये आयोगाने पुन्हा आदेश काढला. या वेळी बेकायदा बंदुका, ‘मॉली’ हा अमली पदार्थ आणि ‘स्कॅमिंग’ यांचा गौरव करणाऱ्या गाण्यांवर बंदी आली. स्कॅमिंग म्हणजे लॉटरी लागल्याची थाप मारून दूरध्वनीवरून परदेशी वृद्धांना लुबाडण्याचा धंदा. अमेरिकेतील ट्रॅप रॅपच्या वळणाने गेलेल्या नव्या डान्सहॉलमध्ये या पैशाचा तोरा मोठ्या प्रमाणावर मिरवला जात होता. विरोधकांचे म्हणणे असे की, गाणे बंद केल्याने धंदा बंद होत नाही आणि तरुण मुले तशीही रेडिओ कमी आणि यूट्यूब अधिक ऐकतात. दुसरा मुद्दा खरा आहे. तरीही एक पालक म्हणून तुम्ही विचारता म्हणून सांगतो : सार्वजनिक लहरी सर्वांच्या मालकीच्या आहेत आणि शाळेच्या बसमध्ये बसलेल्या मुलाला केंद्र बदलता येत नाही, एवढ्या मर्यादित कारणासाठी दिवसाच्या प्रसारणावरील निर्बंध मला योग्य वाटतात. पोर्तो रिकोमध्ये १९९५ साली पोलिसांनी दुकानांवर छापे घालून रॅपच्या ध्वनिफिती जप्त केल्या, तसला प्रकार मात्र सर्वस्वी गैर होता. त्या ध्वनिफितींतूनच पुढे रेगेटॉन हे स्पॅनिश रॅप आणि डान्सहॉल यांच्या मिश्रणाचे नृत्यसंगीत घडले आणि आज ते त्या बेटाचे सर्वांत मोठे सांस्कृतिक लेणे मानले जाते.

प्रश्न : कॅरिबियनमध्ये स्पॅनिश आणि फ्रेंच वळणाची भाषा बोलणारी बेटेही आहेत. तेथे रॅप कसे पोहोचले? (एक वाचक, मुंबई)

उत्तर : क्युबाची हकीकत सर्वांत विलक्षण आहे आणि ती जवळपास संपूर्णपणे रेडिओची आहे. हवानाच्या पूर्वेला समुद्रकाठी आलामार नावाची सरकारी इमारतींची मोठी वसाहत आहे. १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि पुढच्या दशकात तेथील मुले कपडे अडकवण्याच्या तारेच्या हँगरपासून ॲन्टेना तयार करून गच्चीवर आणि खिडकीत लावत, कारण हवा अनुकूल असेल तर मायामीचे ‘९९ जॅम्झ’ हे केंद्र तेथे ऐकू येई. बहुतेकांना इंग्रजी कळत नव्हते. ती मुले लय पाठ करत, तोंडाने तालवाद्यांचे आवाज काढत आणि मग स्पॅनिशमध्ये आपले शब्द रचत. सोव्हिएत मदत थांबल्यानंतरची ती वर्षे होती. वीज जाई, अन्न अपुरे पडे आणि कृष्णवर्णीय वस्त्यांना त्याची झळ अधिक बसे. आलामारमध्येच १९९५ साली पहिला रॅप महोत्सव झाला. आधी संशयाने पाहणाऱ्या सरकारने पुढे हा क्युबन संस्कृतीचा आविष्कार असल्याचे मान्य केले आणि २००२ मध्ये रॅपसाठी सरकारी संस्थाही काढली. सरकारी छत्राखाली गेल्यावर त्या गाण्याची धार किती टिकली, याबद्दल तेथील कलावंतांत तीव्र मतभेद झाले.

हैतीत रॅप क्रेओल भाषेत रुजले. मास्टर डीजी यांनी १९८०च्या दशकाच्या प्रारंभी त्याची सुरुवात केली. ते स्वतः रेडिओवरचे माणूस होते. फ्रेंच ही तेथे प्रतिष्ठितांची भाषा, तर क्रेओल घराघरांतली, त्यामुळे क्रेओलमध्ये रॅप करणे हाच एक प्रकारचा ठाम पवित्रा ठरला.

प्रश्न : त्रिनिदादमध्ये भारतीय वंशाचे एवढे लोक आहेत. त्यांच्या रेडिओवरही रॅपच वाजते का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : त्यांची स्वतंत्र केंद्रे आहेत. ३० मे १८४५ रोजी ‘फातेल रझाक’ या जहाजातून पहिले करारबद्ध मजूर त्रिनिदादला पोहोचले. पुढे १९१७ पर्यंत लोक येत राहिले आणि त्यांतील बहुसंख्य आजच्या उत्तर प्रदेश आणि बिहारमधून कोलकात्याच्या बंदरातून गेलेले होते. १९४७ मध्ये रेडिओ त्रिनिदादवर कमालुद्दीन मोहम्मद यांनी भारतीय गाण्यांचा कार्यक्रम सुरू केला. पण दीर्घ काळ भारतीय संगीताला आठवड्यातले मोजके तासच मिळत. १९९०च्या दशकात परवाने खुले झाले, तेव्हा दिवसभर भारतीय गाणी लावणारी केंद्रे निघाली आणि तेथे हिंदी चित्रपटगीते, भजने आणि चटणी संगीत (भोजपुरी लोकगीतांतून तेथे घडलेले नृत्यसंगीत) यांची रेलचेल झाली. ज्या मोकळ्या धोरणामुळे अमेरिकन रॅपला जागा मिळाली, त्याच धोरणाने ढोलक आणि धनताल (लोखंडी सळईचे तालवाद्य) यांनाही जागा मिळाली, हे नाशिकच्या पत्रलेखकांनी अवश्य लक्षात घ्यावे.

या केंद्रांचा तरुण श्रोता दोन्ही ऐकतो. १९८७ मध्ये द्रुपती रामगुनई यांनी चटणी आणि सोका यांचा मेळ घातला तेव्हा ज्येष्ठांनी बरीच टीका केली होती. आज चटणी-सोकाच्या गाण्यांत मध्येच डान्सहॉलच्या ढंगाचे बोल येतात आणि कोणी चकित होत नाही. जमैकाची एक गंमत सांगतो. तेथे एकाच तालबंधावर अनेक गायक आपापली गाणी रचतात आणि त्या तालबंधाला ‘रिडिम’ म्हणतात. स्टीव्हन ‘लेंकी’ मार्सडेन यांनी २००२च्या सुमारास टाळ्यांच्या ठेक्यावर एक रिडिम रचला आणि त्याला नाव दिले ‘दिवाली’. त्यावरचे जमैकन गायक शॉन पॉल यांचे गाणे २००३ मध्ये अमेरिकेच्या लोकप्रियता यादीत पहिल्या क्रमांकावर पोहोचले आणि किंग्स्टनमध्ये रचलेला, आपल्या सणाचे नाव लावणारा तो ठेका अमेरिकेतील हिपहॉपच्या केंद्रांवर महिनोन्‌महिने घुमत राहिला.

प्रश्न : ही केंद्रे येथून ऐकता येतील का? (तीन वाचकांचा समान प्रश्न)

उत्तर : होय, बहुतेक केंद्रे इंटरनेटवर थेट ऐकता येतात. वेळेचे गणित तेवढे सांभाळावे. जमैकाचे घड्याळ आपल्या साडेदहा तास मागे असते आणि त्रिनिदादचे साडेनऊ तास. आपल्याकडे पहाटेचे साडेचार वाजतात तेव्हा किंग्स्टनमध्ये आदल्या संध्याकाळचे सहा वाजलेले असतात, माणसे कामावरून घरी परतत असतात आणि निवेदक रंगात आलेले असतात. सुरुवात आयरी एफएमपासून करावी, म्हणजे पॅटवा बोली कानांत बसेल; मग झिप १०३ लावावे. त्रिनिदादसाठी मात्र जानेवारीपर्यंत थांबावे आणि नंतर राखेच्या बुधवारी तेच केंद्र पुन्हा लावून पाहावे.